शनिवारची साडी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. आईलाही नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा बाकी सगळं सांगते आणि एवढंच गाळते — जणू त्याला गाळलेलं कळत नाही! आज लिहायला बसले आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

मराठीत लिहितेय. आमच्याकडे ते तेवढं सोपं नसतं. घरात आम्ही अहिराणी बोलतो, ऑफिसात गुजराती आणि हिंदी, कॉलेजची पुस्तकं गुजरातीत. मराठी ही माझ्या शाळेची भाषा — सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत बाईंनी निबंध लिहायला शिकवला ती. अहिराणीत हे सांगायला गेले तर जीभच उचलणार नाही, कारण ती जिजीची भाषा आहे. आणि गुजरातीत लिहिलं तर दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटेल. म्हणून मराठी. निबंधात खोटं लिहायचं नाही, असं बाई सांगायच्या.

जिजी म्हणजे माझी सासू. आधी तिच्याबद्दल सांगते. खरं तर मी मुद्द्याला बगल देतेय, हे मला कळतंय — पण तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणारही नाही.

आमच्या दोन्ही घरांत, माहेरी आणि सासरी, कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील अंमळनेरकडून येऊन लूमवर लागले, सासरेही तसेच, माझा नवराही लूमवरच. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि लग्न झालं. कॉलेज सुटलं. सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, मला एका रंगाच्या कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन सांभाळायचं आणि टायपिंगचं काम मिळालं. नात्यातल्या बायका जिजीला विचारायच्या, सून बाहेर जाते, तुम्हाला चालतं का? जिजी म्हणायची, "मन्ही सून खुर्चीवर बठस." माझी सून खुर्चीवर बसते. बस, एवढंच. आमच्या गल्लीत खुर्चीवर बसून काम करणारं दुसरं कुणी नव्हतं, पुरुषसुद्धा नाही. त्यामुळे बायकांचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

सुरतेत प्लेग आला त्याच्या दुसऱ्या वर्षी सोनल झाली. चार महिन्यांची सुट्टी घेतली होती. ती संपायला आठवडा उरला असताना कळलं, की माझ्या खुर्चीवर हेतल नावाची एक मुलगी बसते. इस्त्रीचा ड्रेस, छान इंग्रजी, लग्न व्हायचंय. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मॅनेजरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारे आवो. जोईए."

जोईए! गुजरातीत त्याचे दोन अर्थ होतात. एक — पाहू. दुसरा — पाहिजे. मी रिसीव्हर ठेवला आणि घरी येईपर्यंत तो शब्द उलटा-सुलटा करत राहिले. पाहू, की पाहिजे? जिजीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, त्याला "पाहू" म्हणायचं असेल तर आपण त्याला असं काही दाखवू, की तो "पाहिजे" म्हणेल.

दाखवायला माझ्याकडे होतं काय? आरशात बघवत नव्हतं. लग्नातल्या ब्लाऊजांचे हुक एकमेकांना भेटायला तयार नव्हते, मध्ये चार बोटांचं अंतर. साड्या धुऊन धुऊन कळा गेलेल्या. आणि अंगाला सतत दुधाचा वास. मी रडले. जिजी सोनलला मांडीवर थोपटत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बोटं मोजायला लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार... "हापिसमा सहा दिन. सहा साड्या."

आणि तिने त्या उभ्या केल्या. "उभ्या केल्या" हाच शब्द बरोबर आहे — घर उभं करतात तशा.

आमच्या सुरतेत कापडाला तोटा नाही, पण धड कापड आमच्यासाठी नसतं. छपाईत रंग सरकला, कुठे सूत तुटलं, कुठे तेलाचा ठिपका पडला, की ती साडी सेकंड. असा माल बाजारात बाजूला ढीग घालून ठेवतात. ब्लाऊजला लागतात ते उरलेले तुकडे, फेंट, तर तराजूत टाकून विकतात, कांद्याबटाट्यासारखे. जिजी तीन दिवस त्या ढिगांत हात घालत होती. दुकानदार वैतागला, म्हणाला, "माजी, आखी दुकान उथलावशो?" सगळं दुकान उलथवणार का? जिजी म्हणाली, "मन्ही सून खुर्चीवर बठस." बिचाऱ्याला काय कळलं असेल!

पाच साड्या मिळाल्या. पाचही सेकंड. एकीच्या मधोमध पांढरा पट्टा सुटलेला, एकीला तेलाचा डाग, एकीची फुलं अर्धी छापलेली. पण जिजीने मला ती विद्या शिकवली, जी आमच्या गल्लीतल्या बायकांशिवाय कुणाला येत असेल असं वाटत नाही. जिथे डाग असेल त्याच्या समोर, काठाच्या आतल्या बाजूने, ती लाल धाग्याची एक बारीक गाठ मारायची. नेसताना बोटाला गाठ लागली, की समजायचं — इथे दोष आहे. मग ती जागा बरोबर निरीच्या पोटात घ्यायची. "डाग निऱ्यासमा घाल, माय. कोनले दिसाव नही."

डाग निऱ्यांत घाल, कुणाला दिसणार नाही. मी हे इतकं चांगलं शिकेन, असं तिला तरी कुठे वाटलं होतं?

ब्लाऊज तिने हाताने शिवले. पुढून उघडणारे, बाजूला एक जास्तीची पट्टी ठेवून, म्हणजे घरी आल्या आल्या मुलीला पाजता यावं आणि अंग उतरलं तर ब्लाऊज आत घेता यावा. आणि आणखी एक केलं. दूध कपड्यांवर येईल ही माझी भीती मी तिला बोलले नव्हते. तिने आपलं एक जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं, वाटी ठेवून त्याचे गोल कापले, चार-चार पदर एकावर एक ठेवून कडेने टाके घातले. बारा गोल. ब्लाऊजच्या आत ठेवायला. "हापिसमा दूध कोनले इचारस का?" म्हणाली. म्हणजे, दूध काय ऑफिसची वेळ बघून येतं का! आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसली.

शनिवारची साडी मात्र राहिली. सहावी मनासारखी मिळेना. "हुई जाई," म्हणाली. होऊन जाईल.

आता थोडं जिजीच्या कामाबद्दल. मग मात्र मला वळसा घ्यायला जागा उरणार नाही.

जिजी घरी बसून धागे कापायची. भरतकामाच्या साड्या मशीनवरून येतात तेव्हा उलट्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत सुटे धागे लोंबत असतात. ते छोट्या कातरीने, कापडाला धक्का न लावता कापायचे. शेठकडून गाठोडं डोक्यावर आणायचं, चार-पाच दिवसांत कापून परत द्यायचं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारात बायका हेच करतात. पण जिजीचं काम वेगळं. तिचा चष्मा एका बाजूने दोऱ्याने बांधलेला होता, तो लावून ती दाराच्या उजेडात बसायची आणि कातर अशी चालायची की बघत राहावं. पंधरा वर्षांत तिच्या हातचा माल एकदाही परत आला नव्हता. शेठचा माणूस तिचं गाठोडं उघडून तपासायचासुद्धा नाही, तसंच आत ठेवून द्यायचा. इतर बायकांना तो टाका-टाका तपासून घ्यायचा. जिजीला याचं फार मोल होतं. ती बोलायची नाही, पण गाठोडं देऊन परत येताना तिची चाल वेगळी असायची.

मी कामावर जाणार त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, एक गाठोडं पुरं झालं होतं. मंगळवारी द्यायचं होतं. त्यात वांगी रंगाच्या साड्या होत्या, अंगभर बारीक मोतिया फुलं. तशी साडी मी तोपर्यंत कुणाच्या अंगावर पाहिली नव्हती. गाठोडं बांधताना जिजीनेच एक साडी माझ्या खांद्यावर टाकून पाहिली. "देख, कशी दिसस!" म्हणाली, आणि घडी करून आत ठेवली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ती साडी खांद्यावरच राहिली.

हेतल माझ्या खुर्चीवर इस्त्रीचा ड्रेस घालून बसलेली असणार. आणि मी? सरकलेल्या फुलांची, डाग पोटात घेतलेली साडी नेसून जाणार?

सोमवारी सकाळी जिजी पाणी भरायला नळावर गेली. मी गाठोड्याची गाठ सोडली. वरून दुसरी साडी काढली, पिशवीत डब्याखाली घातली, गाठ पुन्हा बांधली. सगळं दोन मिनिटांत. मग जिजीने उभी केलेली सोमवारची साडी नेसले. ती पाण्याची कळशी ठेवून आली, माझ्या निऱ्या तिने स्वतः बसवल्या, गाठ बोटाने चाचपून पाहिली आणि मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढली. सोनलचा हात धरून टाटा करायला लावलं. माझ्या पिशवीत तिच्या भरवशाची साडी होती आणि ती माझ्यावरून दृष्ट उतरवत होती.

सांगते, हो, सांगतेच आहे.

सचिनला उतरल्यावर ऑफिसच्या बाथरूममध्ये मी साडी बदलली. वांगी रंगाची नेसले. कापड इतकं तलम होतं, की ब्लाऊजच्या आतले जिजीचे गोल वरून फुगीर दिसायला लागले. मी ते काढले. दोन्ही काढून पिशवीत टाकले. ती पहिली गोष्ट झाली — साडी उचलली त्याच्याही आधी सांगायला हवी अशी. कारण साडीचा मोह एखाद्या बाईला होऊ शकतो. पण तिने वाटी ठेवून कापलेले ते गोल मला त्या दिवशी गावठी वाटले.

हेतल चांगली मुलगी निघाली. "वाह सुमनबेन, केटली सरस साडी! क्यांथी लीधी?" किती छान साडी, कुठून घेतली?

"मारा मिस्टरे आपी," मी म्हणाले. मिस्टरांनी दिली.

अकराच्या सुमाराला मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मी पदर सावरून आत गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, पार्ट्यांचे फोन नंबर अजून पाठ आहेत का? मी धडाधड बारा-चौदा नंबर म्हणून दाखवले. ते म्हणाले, "बस, बस. हेतलने डिस्पेचमां मूको." हेतलला डिस्पॅचला टाका. आणि दुसरी फाईल ओढली. झालं. त्यांनी साडीकडे पाहिलंच नाही. मी पोतं नेसून गेले असते तरी खुर्ची माझीच होती.

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले. इतका आनंद झाला होता! आणि तेवढ्यात वॉचमनच्या खोलीत त्याचं तान्हं रडायला लागलं. ज्या बायकांनी पाजलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मूल कुणाचं आहे, हे अंगाला कळत नाही. मला ते कळायच्या आत छातीवर ओल पसरली होती. फाईल छातीशी धरून मी नळावर गेले, पदराचा तो भाग पाण्याने धुतला, पंख्याखाली उभी राहिले.

आणि इथे मी ती चूक केली, जी कापडाच्या गावात वाढलेल्या मुलीने करू नये. कोऱ्या साडीला मिलची कांजी असते. तिच्यावर थोडंच पाणी पडलं, तर तेवढीच जागा मऊ पडते आणि ओल जिथे थांबली तिथे कडा उमटते. डाग धुतला गेला, पण पाण्याचं वर्तुळ राहिलं. तळहाताएवढं, फिकट. बाईने नीट पाहिलं तरच दिसेल असं.

संध्याकाळी ऑफिसातच जिजीची साडी परत नेसले. घरी आले. जिजी दारातच उभी होती, कडेवर सोनल. काय झालं, असं तोंडाने विचारायची तिची हिंमत नव्हती, भुवया वर केल्या. मी म्हणाले, राहिली खुर्ची. तिने सोनलला वर उचललं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "तुन्ही माय खुर्चीवरच बठस!" मग ती शेजारी सांगायला गेली. तेवढ्या वेळात मी वांगी रंगाची साडी तिच्याच मोडींवर घडी घातली आणि गाठोड्यात होती त्याच जागी सरकवून ठेवली. वर्तुळ आतल्या घडीत आलं. मी स्वतःला काय सांगितलं असेल? कोनले दिसाव नही.

मंगळवारी जिजी गाठोडं घेऊन गेली. त्या दिवशी शेठकडे बाहेरची पार्टी आली होती. चांगलं काम दाखवायचं म्हणून शेठने दुसऱ्या कुणाचं गाठोडं न उघडता मुद्दाम जिजीचं उघडलं. हे लक्षात येतंय का तुमच्या? तिच्यावर भरवसा होता म्हणून उघडलं. वरून दुसरी साडी पार्टीसमोर पसरली.

हे मला जिजीनेच सांगितलं, संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर. शेठ ओरडला नव्हता. त्याने वर्तुळाला बोट लावून वास घेतला, म्हणाला, "घरमां नानुं छोकरुं छे ने?" घरात लहान मूल आहे ना? जिजी हो म्हणाली. मग तो सगळ्यांसमोर, अगदी हळू म्हणाला, "हवे तमने देखातुं नथी, माजी." आता तुम्हाला दिसत नाही. आणि साडीची घडी करून तिच्या हातात दिली. घेऊन जा, आता ही कोण घेणार?

जिजी सांगत होती आणि सोनल तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, पोरीने दूध ओकलं असेल साडीवर. मी पुसलं नाही. मला दिसलंच नाही, सुमन. रविवारी दाराच्या उजेडात घडी केली, तरी दिसलं नाही. "मन्हा डोया गयात." माझे डोळे गेले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तीन-चार शब्द पुरले असते. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यायले. सगळं, सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत.

तर हा माझा कबुलीजबाब. साडी मी एका दिवसापुरती चोरली, माझ्या दुधाचा डाग तिला लावला आणि तो माझ्या चार महिन्यांच्या मुलीवर आणि जिजीच्या डोळ्यांवर जाऊ दिला. पण खरं सांगू? त्या दिवशीचं गप्प राहणं मला तेवढं टोचत नाही. नंतरचं टोचतं. कारण जिजीने पुन्हा धागे कापायला माल आणला नाही. शेठने दोनदा माणूस पाठवला, झालं ते झालं म्हणून. ती म्हणाली, दुसऱ्याचा माल आहे, दिसत नाही तर हात लावू नये. चष्मा आणि कातर एका फडक्यात गुंडाळून तिने डब्यात ठेवून दिली. दाराच्या उजेडात ती बसायची ती जागा मोकळी झाली, तिथे सोनलचा पाळणा आला.

आणि माझं? माझं भलंच झालं. मूल कुणाकडे ठेवू, हा प्रश्नच उरला नाही. सोनलला गल्लीतल्या लूमच्या खटखटीतच झोप लागायची, वीज गेली, लूम थांबले, की ती दचकून उठायची. तेव्हा जिजी पाळण्याशी बसून तोंडाने खटखट-खटखट असा आवाज काढायची. तिच्या जिवावर मी नोकरी केली, तिच्या जिवावर आता सुटलेलं कॉलेज पुन्हा धरलंय, घरून परीक्षा देते. शेवटचं वर्ष आहे. पेपरच्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकाबाहेर सोनलला घेऊन बसते. वॉचमनने विचारलं, कोण आत आहे, माजी? तर म्हणे, "मन्ही सून." आजकाल खुर्चीचं सांगत नाही. खुर्ची लहान वाटते तिला.

एकदा गल्लीत डोळ्यांचं शिबिर आलं होतं. मीच तिला घेऊन गेले — का, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून चित्रं दाखवली, सुईत दोरा ओवायला लावला. तिने पहिल्याच फटक्यात ओवला. डॉक्टर हसून म्हणाले, "माजी, आंख तो मारा करतां सारी छे! चष्मानो नंबर ए ज छे." डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, चष्म्याचा नंबर तोच आहे. मी शेजारी उभी होते. मला वाटलं, आता सुटका झाली, तिला कळेल, मला बोलावं लागणार नाही. बाहेर आल्यावर जिजी म्हणाली, "डॉक्टरले काय समजस? तो काय साड्या देखस का?"

डॉक्टरांना काय कळतं, ते थोडेच साड्या बघतात. आणि मी — हो जिजी, म्हणाले. अगदी हेच शब्द. हो जिजी.

आता एकच राहिलं. ती साडी.

शेठने परत दिलेली वांगी रंगाची साडी जिजीने तीन-चार दिवस डब्यावर ठेवली होती. मी तिकडे बघायचे नाही. शनिवारी सकाळी मी कामावर जायला उठले, तर ती पलंगावर. फॉल लावलेली, इस्त्री केलेली. त्याच रंगाच्या फेंटमधून शिवलेला ब्लाऊज वर. आणि ब्लाऊजवर दोन नवे गोल, पांढरे.

"हाई शनवारनी साडी," जिजी म्हणाली. "तुले शोभस. मी तवाच देखी लीधं." तुला शोभते, मी तेव्हाच पाहून घेतलं.

मी ती नेसले. दर शनिवारी नेसते. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे ती, मिस्टरांनी दिलेली. मॅनेजरसाहेबांच्या मुलीच्या लग्नात हेतलने बरोबर फोटो काढला तोही त्याच साडीत. आज शनिवार आहे, आत्ता हे लिहितानाही माझ्या अंगावर तीच आहे. चार वर्षं धुऊन कांजी गेली, सगळं कापड सारखं मऊ झालं. आता ते वर्तुळ मला स्वतःलाही उजेडात धरून शोधावं लागतं, कधी सापडतं, कधी नाही. म्हणून बोटाने चाचपते. काठाच्या आतल्या बाजूला लाल गाठ आहे. जिजीने त्या आठवड्यात मारलेली — डोळे गेले म्हणून चष्मा आणि कातर डब्यात ठेवून दिली, त्याच आठवड्यात. चष्म्याशिवाय.

गाठ बरोबर डागासमोर आहे. एक बोटही इकडे-तिकडे नाही.